पिशवीची झडती

ती बाई चौथ्यांदा माझ्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात आली आणि सरळ कोपऱ्यातल्या चित्रवह्यांकडे गेली. बंद पडलेल्या सिनेमाच्या स्टुडिओतून आणलेल्या त्या वह्यांत सेटची हाताने काढलेली मूळ चित्रं आहेत. त्यातली बरीच पानं कुणीतरी फाडून नेलीत. माझा संशय हिच्यावरच. दर वेळी जाताना तिची पिशवी तपासली, पण काही सापडलं नाही.

आज मात्र तिचा हात वहीतच धरला. हातात महालाच्या जिन्याचं चित्र होतं.

“फाडलंत ना?”

“परत ठेवतेय,” ती म्हणाली. “बाबा गेले. त्यांच्या कपाटात अशी एकोणीस निघाली.”

“कोण बाबा?”

“चौबळ सर.”

माझं वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. त्यांची पिशवी मी कधीच तपासली नाही. बाकीच्यांच्या तपासत जा, हे मला सरांनीच शिकवलं होतं.