पलंगावरची सासू

"सासूबाईंना ताप आहे, उजेड सहन होत नाही," असं हनीनने दारातच सांगितलं आणि मुन्झिरचा संशय आणखी बळावला.

पॅलेस्टाईनमधल्या नाब्लूसजवळच्या निर्वासित छावणीत तो एका मदतसंस्थेचा तपासनीस होता. यंदा परदेशातून पैसा कमी आला होता. त्यामुळे पीठ, तेल, डाळ आता ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल त्याच घराला मिळणार होतं. नियम निघाला आणि छावणीत आजारी माणसं भराभर वाढली. मुन्झिरने काही घरांची मदत थांबवलीही. लोक त्याला सलाम करेनासे झाले, पण तो बधला नाही. खोटं बोलून उचललेलं पीठ म्हणजे खऱ्या आजाऱ्याच्या तोंडचा घास, असं तो म्हणे.

हनीनबद्दल तर त्याच्या कानावर पक्कं आलं होतं. तिची सासू फिक्रिया हिवाळ्यात लेकीकडे अम्मानला गेली आणि तिथेच वारली, असं कोपऱ्यावरचा खाटीक सांगत होता. आज संस्थेचा डॅनिश साहेब येन्सही सोबत होता. त्याला अरबी येत नव्हती; मुन्झिर सांगेल ते तो मानणार होता.

नवऱ्याचा पलीकडे इस्रायलमध्ये कामाला जायचा परवाना रद्द झाल्यापासून हनीनच्या घरात कमाई नव्हती. तरी तिने चहा केला. मुन्झिरने पेल्याला हात लावला नाही.

"अम्मानहून कधी आल्या हाज्जा, तुझ्या सासूबाई?"

"अम्मानला कुठल्या जातायत? न्हाणीपर्यंत जायची मारामार."

"खाटीक वेगळं सांगतो."

"माझ्या घरात कोण झोपलंय ते खाटकाला काय ठाऊक, भाऊ? मटण घ्यायला मी गेलेय कधी?"

"मग तोंड दाखव त्यांचं."

परक्या पुरुषांपुढे कसं दाखवू, असं तिने विचारलं. तो म्हणाला, मी याच छावणीत वाढलोय, मला त्या आजीसारख्या. हनीन दारातून बाजूला झाली.

"बघा मग. पण नंतर मला बोल लावू नका."

आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते. म्हातारी भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून गोधडी घेऊन पडली होती. मुन्झिर पलंगाशी गेला आणि त्याने गोधडी वर उचलली. म्हातारीने डोळे घट्ट मिटून घेतलेले होते.

गोधडीचं टोक त्याच्या हातातच राहिलं. दारातून येन्सने विचारलं, त्याच आहेत का?

"हो," मुन्झिर म्हणाला. खाकरून त्याने पुन्हा सांगितलं, "त्याच. ताप बराच आहे. उठवायला नको."

मदत चालू ठेवा, असं सांगून येन्स जिना उतरू लागला. हनीन भिंतीला टेकून खाली बघत होती. मुन्झिरने गोधडी म्हातारीच्या हनुवटीपर्यंत ओढली, कडेने नीट खोचली आणि वाकून तिच्या कानाशी म्हणाला,

"मागच्या बोळातून घरी जा, आई. मला जेवायला उशीर होईल."