अर्धी मात्रा उशिरा

माझ्या धाकट्या लेकीच्या, मदिहाच्या मेहंदीला दुपारी आम्ही बायका ढोलक घेऊन बसलो होतो. गाणं हैदराबादचं, गाजलेलं. मी एकेका मोहल्ल्याचं नाव गायचं आणि बाकीच्यांनी टाळी द्यायची.

चारमिनार. टाळी पडली, आणि तिच्यामागून आणखी एक, अर्धी मात्रा उशिरा.

माझी थोरली लेक झरीन सारखं हेच गाणं म्हणायची आणि टाळीला अशीच चुकायची. चार वर्षांपूर्वी ती गाण्यापायी नळदुर्ग सोडून हैदराबादला गेली, तेव्हापासून तिची खबर नाही. माझे थोरले दीर खाजामियाँ यांनी तिचं नाव घरात बंद केलं. त्यांना गाणं चालत नाही, मेहंदीची बिर्याणी तेवढी चालते.

मलकपेठ. पुन्हा ती उशिराची टाळी. बायका एकमेकींचे हात बघू लागल्या.

खाजामियाँ दारात आले. "खैरुन, बास कर. त्या पोरीचं गाणं इथं नको."

"बहिणीच्या लग्नात बहिणीचं गाणं नको म्हणता व्हय, भाईजान? तुम्ही जेवून घ्या, बिर्याणी गार होतीय."

मी मेहदीपट्टणम गायलं. भीतीनं कुणीच टाळी दिली नाही. उशिराची तेवढी पडली, खाजामियाँच्या पाठीमागं. ते वळले. अंगण रिकामं होतं.

गाणं तिथंच संपतं. मी संपू दिलं नाही. ढोलकवर थाप मारली आणि मोठ्यानं जोडलं: नळदुर्ग, किल्ल्यामागची गल्ली, झरीनचं घर.

ओली मेहंदी एकट्या मदिहाच्या हातांवर होती, आणि ते हात समोर उशीवर तसेच पसरलेले होते. टाळी माझ्या कानाशी पडली, आणि ओल्या मेहंदीचा शिंतोडा गालावर उडाला.