अळीच्या आतला आवाज

परजीवी गांधीलमाश्यांवरच्या परिषदेत जेवणाआधीचं शेवटचं भाषण माझं होतं. या माश्या जिवंत अळीच्या अंगात अंडी घालतात आणि पिल्लं तिला आतून खात वाढतात. ते कुरतडणं मी गेल्याच आठवड्यात रेकॉर्ड केलं होतं. सभागृहाला तेच ऐकवत होते.

कुरतडण्यामागून कुणीतरी खाकरलं. "पाला बदललाय, बाई. तुम्ही जा आता घरी."

मी रेकॉर्डिंग थांबवून स्पीकर बंद केला.

"हे कोण बोललं?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमच्या प्रयोगशाळेतले काका. वीस वर्षं अळ्या त्यांनीच सांभाळल्या."

त्यांना जाऊन सात महिने झाले होते, हे माझ्या तोंडून निघेना. हॉस्पिटलमधून त्यांनी दोनदा निरोप धाडला होता. मी तेव्हा याच भाषणाचा शोधनिबंध लिहीत बसले होते.

अध्यक्षांनी पडद्यावरची लेखकांची नावं वाचली. "यात त्यांचं नाव दिसत नाही."

"घालायला हवं होतं," मी म्हणाले. "भेटायलाही जायला हवं होतं."

बंद केलेल्या स्पीकरमधून काका पुन्हा खाकरले.

"राहू द्या हो, बाई."