होडीत चौघंच

जमावबंदीत पाचवा माणूस दिसला की पोलीस उचलत. त्यामुळे गिरगावात संयुक्त महाराष्ट्राची सभा काही घेता येईना. ठाकूरद्वारच्या कालिंदीताईंचं मंडळ रविवारी पवई तलावावर हौशी मंडळींना होडीतली शिस्त शिकवायचं: होडीत चौघंच बसायचं, उठून उभं राहायचं नाही. ताईंनी या रविवारी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

वीस होड्या तलावाच्या मधोमध गेल्या आणि बसल्या जागेवरून घोषणा सुरू झाल्या. काठावरच्या फौजदाराने होडी न होडी मोजली. पाचवा कुठेच सापडेना.

"ओ बाई, सगळ्यांना घेऊन आधी काठावर या."

 

"काठावर उतरलो तर ऐंशी जण जमतील, साहेब. कायदा मोडायचं पाप आमच्या हातून कशाला करवता?"