उजव्या कडेवर

“दुखणं दहापैकी किती?”

“एक. असेल नसेल,” शोभनाताई म्हणाल्या.

आकडा लिहिताना मी मनातल्या मनात हरखलो. पाठीचा कणा कमरेला जिथे टेकतो, त्या सांध्याच्या दुखण्यावर व्यायाम बरे की हाताने सांधा सैल करणं बरं, हे मी पेशंटचे दोन गट करून तपासत होतो. शोभनाताई व्यायामाच्या गटात होत्या आणि त्यांचा सातचा आकडा काही केल्या खाली येत नव्हता. येणार कसा? त्यांची बारा वर्षांची लेक जाई, जन्मापासून पायांवर कधी उभीच न राहिलेली, दिवसातून वीसदा त्यांच्या उजव्या कडेवर. “आधी तिला उचलणं थांबवा,” असं मी दर खेपेला दरडावायचो. त्या नुसत्या हसायच्या.

“बघा, आला ना व्यायामाचा गुण!” मी म्हणालो.

“माझं नाव काढा त्या कागदातून, डॉक्टर,” त्या हळूच म्हणाल्या. “पंधरा दिवसांत मी एकदाही व्यायाम केलेला नाही. जाई गेली.”

माझं पेन तिथेच थांबलं. मी ते खाली ठेवलं आणि नेहमीसारखा तपासायला उठलो.

“दोन्ही पायांवर सारखा भार द्या. सरळ उभ्या राहा.”

त्या उभ्या राहिल्या. उजवी कंबर आपसूक बाहेर आली आणि उजवा हात वळून रिकाम्या जागेला धरून राहिला.

“आहे ना सरळ?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो. “अगदी सरळ.”