अकराचा फोन

वैजनाथने भिंतीवरची फोनची डबी उघडली, तेव्हा राजनंदिनीने संस्कृतीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सात महिन्यांची पोर, दोन दिवस अंग गरम. आत्ता कुठे डोळा लागला होता.

"डबी तर चांगली हाय," वैजनाथ म्हणाला. गावातल्या टेलिफोनच्या तारा तोच बघायचा. "कवापासून बंद हाय, वहिनी?"

"काल संध्याकाळपासून."

तार तिनेच तोडली होती. कपाटामागे हात घालून, शिवणाच्या कात्रीने.

त्याआधी सगळं करून झालं होतं. रिसीव्हर काढून ठेवला, तर सासरे, सहादेव आबा, तो जागेवर ठेवायचे. नको ते फोन बंद व्हावेत म्हणून नोंद केली, तर दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा सुरू. कर्ज हवंय का, प्लॉट हवाय का, गुडघे दुखतात का. प्रत्येक घंटीला पोर दचकून उठायची. आणि आबा प्रत्येकाला, अगदी टेपवरच्या बाईलासुद्धा म्हणायचे, "बोला पाव्हणं."

मंगळवारी बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या एकाचा फोन आला. आबांनी त्याला सांगून टाकलं, "शनिवारी अकराला करा. कार्ड घिऊन बसतो, नंबर वाचून दावतो."

आज शनिवार. घड्याळात दहा पस्तीस झाले होते.

"वैजनाथ, अकराच्या आत व्हायला पायजे बरं," आबा कॉटवरून म्हणाले. "शब्द दिलाय."

तिने चार दिवस समजावलं होतं. आबा, बँक फोनवर नंबर मागत नाही. आबा, ते चोर आहेत.

"आसंल चोर," आबा म्हणाले होते. "त्याचा धंदा इचारून शब्द दिलाय व्हय म्या?"

घोडेगावच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांनी बैलांचा व्यापार केला. उपरण्याखाली बोटाला बोट लागलं की सौदा झाला. मग बैल लंगडा निघो, नाहीतर समोरचा लबाड निघो, बोट मागे घ्यायचं नाही.

नवऱ्याला, रविराजला, तिने सुप्याला फोन लावला होता. कंपनीतल्या मशिनींच्या आवाजात तो म्हणाला, "वाद घालू नको त्यांच्याशी. कार्ड लपव." पण कार्ड आबांच्या बंडीच्या आतल्या खिशात होतं. तिथे सुनेचा हात कसा जाणार?

वैजनाथने तारेवरून बोट फिरवत कपाट गाठलं. कपाट सरकवलं तसं ते करकरलं. पोर कण्हली. तो वाकला, तारेचं टोक बाहेर ओढलं आणि टोकाकडे बघून मग तिच्याकडे बघितलं.

ती पोरीच्या पाठीवर थोपटत राहिली, जरा जास्तच भरभर.

"उंदरानं कुरतडलीय, आबा."

"बघू."

आबांनी टोक दारातल्या उजेडात धरलं. हजारो जनावरांचे जबडे उघडून त्यांनी दात बघितले होते. दुधाच्या दातांचं आदत कोणतं, सगळे दात आलेलं जुळलेलं कोणतं, एका नजरेत सांगायचे. तारेवरून त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"उंदीर म्हनतोस."

"व्हय."

"लई सरळ दात हायेत उंदराचे."

शिलाई मशिनवर कात्री उघडीच पडली होती. आबांनी तिकडे बघितलं नाही, सुनेकडेही बघितलं नाही. पोरीकडे बघितलं.

"ताप उतारला का हिचा?"

"थोडा उतरलाय," ती म्हणाली.

आबांनी टोक वैजनाथच्या हातात दिलं. "आज ऱ्हाऊ दे. घरात उंदीर हाय तवर जोडून काय उपेग?"

"मंग तक्रारीचं काय लिहू?"

"तुला काय लिव्हायचं ते लिव्ह. चा पिऊन जा."

वैजनाथने चहा उभ्यानेच संपवला. जाताना कपाट पुन्हा जागेवर सरकवून गेला.

अकराला पाच मिनिटं होती. आबांनी टोपी घातली, उपरणं खांद्यावर घेतलं आणि खुर्ची ओढून फोनशेजारी बसले. खिशातून कार्ड काढून मांडीवर ठेवलं. राजनंदिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आता काय करतील? शेजारून कुणाचा मोबाईल मागतील? त्या माणसाचा नंबर कुठे लिहून ठेवला असेल?

आबांनी काहीच केलं नाही. अकरा वाजले. अकरा दहा झाले. एकदा त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, आतलं काहीच नसणं नीट ऐकलं आणि परत ठेवला.

साडेअकराला ते उठले. दारापर्यंत आले आणि कार्ड तिच्यापुढे धरलं.

"कपाटात ठिव."

"आबा, मी..."

"आपन जाग्यावर बसलो हुतो," ते म्हणाले. "त्याचा फोन लागला न्हाई, त्याला आपला काय इलाज?"

कार्ड त्यांच्या अंगाने कोमट झालं होतं. ते घेऊन ती कपाटाकडे वळली. पोर खांद्यावर गाढ झोपली होती. गेल्या दोन दिवसांत एवढी सलग झोप पहिलीच.

ती परत आली तेव्हा आबा पुन्हा खुर्चीवर बसले होते. खांद्यावरचं उपरणं त्यांनी फोनवर पसरलं होतं. उजवा हात उपरण्याखाली होता, बाजारात सौद्याला असायचा तसा, आणि तो त्यांनी बराच वेळ बाहेर काढला नाही.