शनिवारची तपासणी

स्थळ पहिलं: जुनं पंपघर

"आज साहेब नाही आले बरोबर?" तिकीट देणाऱ्या बाईंनी विचारलं. मग बायकोच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्याकडे लक्ष गेलं आणि त्या गप्प झाल्या. दोन तिकिटं खिडकीतून बाहेर सरकली.

"दुसरीच कुणी वाटले असेन मी त्यांना," बायको म्हणाली आणि आत चालू लागली.

तो लिफ्ट तपासणारा. अठरा वर्षं लोकांच्या इमारतींत वर-खाली करण्यात गेलेली. नीट चालणारी लिफ्ट त्याच्या डोक्यात पाच मिनिटंही राहत नसे; कुरकुरणारी जेवतानाही पिच्छा सोडत नसे. मुलगी हॉस्टेलवर गेल्यापासून घर खायला उठलं होतं, म्हणून बायकोनेच टुमणं लावलं. लोक विमानाने कुठे कुठे जातात, आपण निदान घरापासून तासाभरावर जे आहे ते बघू. दर शनिवारी एक. त्याने पेपरातून मान वर न काढता हो म्हटलं होतं.

पंपघरात दोन मजले उंच चाकं होती. तो चाकांऐवजी तिच्याकडे बघत राहिला.

"चष्मा कधी बदललास?"

"मागच्या वर्षी."

घरी आल्यावर त्याने सवयीने खिशातली डायरी काढली.

शेरा: बारीक आवाज. दुर्लक्ष करण्याजोगा.

स्थळ दुसरं: वनस्पती उद्यान

पाण्याची नळी ओढत चाललेल्या म्हाताऱ्या माळ्याने तिला बघून हात वर केला. तुमचा नेहमीचा बाक रिकामा आहे, म्हणाला.

बाक तळ्याच्या मागे होता. आडोशाला. दोघांपुरता.

"किती वेळा आली आहेस इथे?"

"पहिल्यांदाच."

हे ती बदकांकडे बघत म्हणाली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. थोड्या वेळाने ती गुणगुणू लागली. ती गुणगुणते हे त्याला माहीत नव्हतं. ती हल्ली गुणगुणायला लागली आहे की कायमच गुणगुणायची, हेही सांगता येईना, आणि कुणाला विचारावं तर कोणत्या तोंडाने?

शेवटी त्याने थोरल्या बहिणीला फोन केला. आडून आडून विचारलं, की माणूस एकदम बदलतं का, बायकोच्या मनात काय चाललंय हे ओळखायचं कसं.

"अठरा वर्षांनी प्रश्न पडला का तुला?" ताई म्हणाली. "सावकाश रे. घाई कसली आहे?"

शेरा: आवाज वाढला. उगम सापडत नाही.

स्थळ तिसरं: दीपगृह

दारावरचा पहारेकरी तिला म्हणाला, की परवाचे ते गृहस्थ अर्ध्यातूनच खाली आले, त्यांना दम लागला. मग त्याच्याकडे बघून उगाच खाकरला.

एकशे बेचाळीस पायऱ्या. तो एका दमात चढला. वर पोचल्यावर समुद्र, आकाश आणि कठडा यांतलं काय कुठे आहे ते कळेना, म्हणून खालीच बसला. तिने पाणी दिलं, रुमालाने त्याचं कपाळ पुसलं.

"कोण गृहस्थ?" त्याने श्वास सापडल्यावर विचारलं.

"कुठले हो?" ती म्हणाली. मग कठड्यावरून हात लांब करून तिने त्यांच्या इमारतीची गच्ची दाखवली. दोघं बराच वेळ तिकडे बघत राहिले.

त्या आठवड्यात तो रोज सहाच्या आत घरी आला. एकदा चहा त्याने केला. ती साखर घेत नाही, हे तेव्हा समजलं. तिचा फोन वाजला की त्याचे कान उभे राहत, आणि पलीकडे दरवेळी मुलगीच निघे. अठरा वर्षांचा संसार हातातून निसटतोय, एवढं त्याला कळत होतं. कुणाच्या हातात चाललाय, ते काही केल्या कळत नव्हतं.

शेरा: लिहिला, खोडला.

स्थळ चौथं: ट्रामचं जुनं आगार

हे त्याने निवडलं. तेही शनिवारी सकाळी, चपला घालताना, तिला आधी न सांगता.

आगारात तिला कुणीच ओळखलं नाही. तिकीटवाला नाही, झाडूवाली नाही. त्यामुळे तो जास्तच गोंधळला. दिवसभर तो तिचा हात धरून फिरला. सोडवून घेते का ते बघायला, असं त्याने स्वतःला सांगितलं. तिने सोडवून घेतला नाही. परतताना बसमध्ये ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि आपलं उतरायचं ठिकाण मागे गेलं तरी त्याने तिला उठवलं नाही.

शेरा: आवाज बंद. असं होत नसतं.

स्थळ पाचवं: मत्स्यालय

सोमवारी तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर शनिवारच्या चौकोनात 'मत्स्यालय' असं लिहिलं. आता सोक्षमोक्ष लावायचाच, म्हणून गुरुवारी अर्धी रजा टाकून तो तिथे एकटाच गेला. दाखवायला तिचा फोटो हवा होता. फोनमध्ये लिफ्टच्या तारांचे चारशे फोटो निघाले. तिचा एकच, आगारातला, ट्रामच्या पायरीवर हसताना.

तिकीटवाला काचा पुसत होता. त्याने फोटो निरखून पाहिला.

"ह्या बाई इथे कुणाबरोबर येतात?" त्याने विचारलं. "खरं सांगा. मी त्यांचा नवरा."

तिकीटवाल्याने फडका खाली ठेवला.

"काल येऊन गेल्या. एकट्याच. म्हणाल्या, शनिवारी मी मिस्टरांना घेऊन येईन, तेव्हा त्यांना ऐकू जाईल असं एकदा विचारा, की मागच्या वेळचे ते गृहस्थ कुठे आहेत. मी म्हटलं, बाई, असलं खोटं मी कशाला बोलू? तर म्हणाल्या, 'बोला हो. गेले चार शनिवार ते माझ्याकडे बघताहेत.'"